चालू, बंद, सापडली नाही

२ फेब्रुवारी, सोमवार

पहिलीच संस्था सापडली नाही. पत्त्यावर पंक्चरचं दुकान. दुकानदार म्हणाला, "इथे कसली आलीय संस्था? वरच्या खोलीत तिघं म्हातारे बुद्धिबळ खेळायचे. एक गेला, एकाला दिसेनासं झालं. तिसरा एकटा काय खेळणार?"

हेडसरांनी 'बंद' लिहिलं. मग त्या तिसऱ्याचं घर कुठे म्हणून विचारत बसले. कशाला, कोण जाणे.

काम असं आहे. राज्यात धर्मादाय म्हणून, सेवाभावी म्हणून, हौस म्हणून ज्या ज्या संस्था कुणी नोंदवल्या, त्या खरंच आहेत का ते दारात जाऊन बघायचं. कागदावर लाखभर आहेत म्हणतात. प्रत्यक्षात किती, कुणालाच माहीत नाही. आमच्याकडे शहराचा पूर्व भाग आणि पलीकडची गावं. उत्तरं तीनच – चालू, बंद, सापडली नाही.

जोडीला हेडसर. निवृत्त मुख्याध्यापक. बोलतात फार. मला चालतं. समोरचा बोलत असला की आपल्याला बोलावं लागत नाही.

काम जावेनं मिळवून दिलं. ती त्याच खात्यात आहे. "वहिनी, घराबाहेर पडा हो," म्हणाली. पडले.

४ फेब्रुवारी, बुधवार

हे आपलं चष्म्यांचं दुकान बंद करून घरी आले. जेवलो. "आज गिऱ्हाईक होतं का?" "होतं." भांडी घासली. झोपलो.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज बऱ्याच झाल्या. आंधळ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणारे. तिथे एक गृहस्थ काचेमागे बसून रसायनशास्त्राचं पाठ्यपुस्तक वाचत होते, प्रेमपत्र वाचावं तसं. मग गाढवांचा दवाखाना. मग अडखळत बोलणाऱ्यांचा कट्टा. अध्यक्षांना स्वतःचं नाव सांगायला बराच वेळ लागला. हेडसर मध्ये बोलले नाहीत. पहिल्यांदाच.

मग जुनी घड्याळं जपणाऱ्यांचं मंडळ. एक खोली, भिंतभर घड्याळं, प्रत्येकात वेगळी वेळ. हेडसरांना राहवलं नाही. "सगळी एका वेळेवर का लावत नाही?" सचिव म्हणाले, "एकच वेळ बघायची तर एकच घड्याळ पुरे की."

शेवटी बेवारस प्रेतांना पोचवणारे. शववाहिका धूत होते. सरळ पुढे होऊन हेडसरांनीच प्रश्न विचारले. मी बाहेर उभी राहिले. त्यांना कुणीतरी सांगितलेलं दिसतंय.

परतताना म्हणाले, "माणसाला काय काय करावंसं वाटतं, नाही?"

मी म्हटलं, "हो."

११ फेब्रुवारी, बुधवार

ऑफिसात शिरलं की आता मी आधी भिंत बघते. भिंतीवर फोटो असतो. दोन वेण्यांची मुलगी असली की संस्था रक्ताच्या आजाराची. मोटारसायकलवर रेललेला तरुण असला की अपघातग्रस्तांची. चष्म्यातली म्हातारी असली की विसरत चाललेल्यांचं केंद्र. पाटी न वाचता सांगते. हेडसर म्हणाले, "तुम्हाला कसं कळतं हो?" आणि मग स्वतःच खिडकीबाहेर बघायला लागले.

सगळ्याच संस्था तशा नसतात. गाढवांच्या दवाखान्यात फोटो नव्हता. घड्याळवाल्यांकडे नव्हता. तिथे बसता आलं, चहा घेता आला.

आज केस गेलेल्या बायकांना टोप करून देणारी एक बाई भेटली. टोपाला केस ओवता ओवता म्हणाली, "तुमचं कोण गेलं?"

म्हटलं, "मी मोजणीवाली आहे."

"ते झालंच," म्हणाली. पुढे काही विचारलं नाही. सुई चालू.

१५ फेब्रुवारी, रविवार

भाऊजी आणि जाऊ जेवायला. भाऊजी फाइल घेऊनच आले. जेवण होईपर्यंत ती मांडीवर होती.

"दादा, वहिनी, एप्रिलात वर्ष होईल. त्याच्या नावानं काहीतरी उभं करू या. ट्रस्ट. सात माणसं लागतात, ती मी जमवतो. तुम्ही फक्त हो म्हणा."

मी ताटं उचलली.

लिहायला हवं खरं तर, कुठेच लिहिलेलं नाही. माझा मुलगा मागच्या एप्रिलात मित्रांबरोबर धरणावर गेला. पोहायला उतरला. इतर बाहेर आले. तिसऱ्या दिवशी सापडला. बावीस वर्षांचा होता.

लिहिलं. काही झालं नाही. दुधाचा हिशोब लिहावा तसंच अक्षर आलंय.

१८ फेब्रुवारी, बुधवार

एकाच इमारतीत दोन संस्था. तळमजल्यावर सर्पमित्र मंडळ. वर मूळ सर्पमित्र मंडळ. पूर्वी एक होती, भांडण झालं, फुटली. फोन मात्र अजून एकच, जिन्यात. कुठे साप निघाला की जिन्यातली घंटा वाजते, दोन्हीकडून माणसं धावतात. जो आधी पोचेल त्याचा साप.

"आणि दोघं एकदम पोचले तर?" हेडसर.

तळमजल्याचा अध्यक्ष म्हणाला, "तेवढ्यात साप जातो निघून."

हेडसर बसस्टॉपपर्यंत हसत होते. मीही हसले असते. चेहरा तसा केलाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

ट्रस्टची बैठक, आमच्याच बाहेरच्या खोलीत. भाऊजी, जाऊ, दोन आत्या, सोसायटीचे सेक्रेटरी. हे कोपऱ्यातल्या खुर्चीत. भाऊजींनी फाइल उघडली. "पहिला मुद्दा उद्देश. काय करायचं ते एकदा ठरलं की बाकी सोपं आहे."

मोठी आत्या म्हणाली, शिष्यवृत्ती. भाऊजी म्हणाले, "तो कधी पहिल्या दहात आला नाही, पण चालतं तसं." सेक्रेटरी म्हणाले, क्रिकेटचे सामने. जाऊ म्हणाली, "त्याला क्रिकेट कुठे आवडायचं?" मग काय आवडायचं, यावर सगळे विचार करायला लागले. धाकटी आत्या म्हणाली, मुलांना पोहायला शिकवू या. त्यावर कुणी कुणाकडे बघेना. त्याला पोहता यायचं. चांगलं यायचं.

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, तुम्ही तर रोज संस्थाच बघताय. तुम्हीच सांगा. त्याला कशाची आवड होती?"

मी खरंच विचार केला. गाढवं, घड्याळं, साप, बुद्धिबळ. एवढ्या प्रकारच्या संस्था बघितल्या आणि तो एकीतही बसेना.

म्हटलं, "तो झोपायचा."

भाऊजींनी लिहायला पेन उघडलं होतं, ते मिटलं.

"खरंच. सुट्टीच्या दिवशी बारापर्यंत. उठवलं तर उठून सोफ्यावर येऊन झोपायचा. आम्ही झोप्याच म्हणायचो त्याला."

जाऊ रडायला लागली. भाऊजींचा चेहरा उतरला, "वहिनी, थट्टा नका करू." मी थट्टा करत नव्हते. हे उठून आत गेले. मला वाटलं, चिडले. मागोमाग गेले तर स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून उभे, खांदे हलतायत. हसत होते. नंतर हसत नव्हते. मी फ्रीजजवळ उभी राहिले. जवळ जायला हवं होतं, एवढं कळत होतं.

बैठक पुढे ढकलली.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

हेडसर जेवणाच्या सुट्टीत म्हणाले, "एक विचारू? तो बुद्धिबळवाला तिसरा म्हातारा सापडला मला. संध्याकाळी जातो त्याच्याकडे खेळायला. रोज हरवतो मला. तर ती संस्था आपण बंद लिहिली, ती आता चालू धरायची का?"

म्हटलं, "दोघंच आहात."

"हां. तेही खरं." डबा बंद केला. "तुम्ही येता का? तीन होतील."

म्हटलं, मला खेळता येत नाही.

"मलाही येत नाही. म्हणून तर हरतो."

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

पुढच्या आठवड्याच्या संस्था ठरल्या. त्यात धरणावरचं शोध पथक आहे. बुडालेल्यांना काढणारे. नोंदलेली संस्था आहे हे माहीत नव्हतं. मला वाटायचं, ते सरकारचे असतात.

जावेचा फोन आला, "वहिनी, ते नाव मी दुसऱ्या जोडीला देते." हेडसर म्हणाले, "मी एकटा जाऊन येतो, त्यात काय."

दोघांनाही म्हटलं, बघू.

३ मार्च, मंगळवार

गेले.

ऑफिस म्हणजे वेल्डिंगचं वर्कशॉप. पथकाचा प्रमुख वेल्डर आहे, पन्नाशीचा, भुवया अर्ध्या जळलेल्या. मागच्या भिंतीला दोर, ट्यूब, लोखंडी गळ, रबरी सूट वाळत घातलेले. फोटो नाही. मी आधी तेच बघितलं. एकही नाही.

हेडसर प्रश्न विचारत होते. सभासद किती? वीसेक, पण हाकेला येतात ते सात-आठ. कोण कोण? एक रिक्षावाला, एक शाळेत पीटी शिकवतो, दोघं भाऊ मासे धरणारे, एक दातांचा डॉक्टर. पैसे घेता का? नाही. मग डिझेल? "ज्याची गाडी त्याचं." कधीपासून? वेल्डर म्हणाला, "मासेवाल्यांच्या बापापासून. तेव्हा नाव नव्हतं. नोंदणी नंतर केली. नोंदणी नसली की पोलीस पाण्यात उतरू देत नाहीत."

चालू. हेडसरांनी लिहिलं आणि उठले. मी उठले नाही.

हेडसरांनी माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाले, "मी जरा बाहेर गाडी बघतो." आमच्याकडे गाडी नाही. बसनं आलो होतो.

वेल्डरनं स्टूल ओढून घेतलं. म्हणाला, "ताई, दारातच ओळखलं मी. तुम्ही काही म्हणाला नाहीत म्हणून मीही म्हटलं नाही."

मी विचारलं. वर्षभर कुणाला विचारलं नव्हतं, ते. "कुठे अडकला होता?"

"अडकला नव्हता."

"गाळात?"

"गाळातही नव्हता. तिथे खाली वाळू आहे, साफ. कुशीवर होता. झोपल्यासारखा."

मी त्याच्याकडे बघत राहिले. "हे तुम्ही सगळ्यांना सांगता?"

"नाही," तो म्हणाला. "सगळे तसे नसतात."

बाहेर कुणीतरी पत्रा आपटला. तो तिकडे बघून थांब म्हणाला, आणि परत माझ्याकडे वळला.

"मीच होतो खाली. हात लावला तर वाटलं, उठवू नये."

मी मान हलवली. पाणी मागितलं. पितळी गडव्यातून दिलं. पिताना आठवलं, त्या तीन दिवसांत काठावर माझ्याजवळ एक बाई बसायची. ठेंगणी, बोटाला टोचल्याच्या खुणा. मला वाटायचं, कुणाची तरी नातेवाईक असेल. ह्यांच्याकडची कुणी. हे समजायचे, माझ्याकडची. ती कोण, म्हणून विचारलं.

"ती आमच्यातली," वेल्डर म्हणाला. "शिवणकाम करायची. मुलीकडे गेली आता, कायमची. तिची जागा तशीच आहे. पाण्यात उतरायला माणसं मिळतात हो. काठावर बसायला मिळत नाहीत."

"काय करायचं असतं?"

"काही नाही. बसायचं. सापडेल म्हणायचं नाही. धीर धरा म्हणायचं नाही. आई उन्हात बसली असेल तर सावलीत आणायची. पाणी द्यायचं. आम्ही वर आलो की तिनं आमची तोंडं बघू नयेत, म्हणून मध्ये बसायचं."

ती बाई मध्येच बसायची. माझ्या आणि पाण्याच्या मध्ये. मी तिच्यावर एकदा ओरडले होते, सरका म्हणून. ती सरकली नव्हती.

निघताना त्यानं माझा नंबर घेतला. मी दिला. का दिला, माहीत नाही. कुणी मागितला की देतो आपण.

बाहेर हेडसर रस्त्याच्या कडेला उभे होते, नसलेली गाडी बघत. बसमध्ये दोन्ही तिकिटं त्यांनीच काढली.

४ मार्च, बुधवार

ह्यांना दुकानातच जाऊन सांगितलं. घरी सांगता आलं नसतं. एका गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवत होते, तो जाईपर्यंत थांबले.

"अडकला नव्हता. त्या माणसानं सांगितलं. खाली वाळू होती."

ह्यांनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "पाय?"

"मोकळे होते."

"म्हणजे ओढत नव्हता... सुटायला धडपडत..."

"नाही."

वर्षभर हे डोळ्यांसमोर तेच बघत होते. एकाच घरात राहून मला माहीत नव्हतं. काउंटरमागच्या स्टुलावर बसले आणि समोरचे चष्मे एकेक उचलून पुसायला लागले, आधीच स्वच्छ होते ते. मीही एक कापड घेतलं. सगळे पुसून झाल्यावर शटर ओढलं.

५ मार्च, गुरुवार

ह्यांनी भाऊजींना फोन केला. "ट्रस्ट नको." एवढंच. भाऊजी पलीकडून पुष्कळ बोलले. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझं प्रेम कळतं रे. नको."

१३ मार्च, शुक्रवार

आमच्या भागाचं काम संपलं. खात्यात बैठक. मोठ्या साहेबांना आकडा आवडला नाही. कागदावरच्या निम्म्याहून जास्त संस्था बंद नाहीतर बेपत्ता. "राज्याचं चित्र वाईट दिसेल. जरा सैल हातानं बघता येईल का? एखाद्याच्या घरात फाइल आहे म्हणजे संस्था आहेच की."

हेडसर उभे राहिले. शाळेत राहतात तसे, हात मागे बांधून. "साहेब, उलटही आहे. ज्या कागदावर नाहीत त्या किती, ते तुम्ही विचारलंच नाहीत. वडाच्या पारावर मुलांना शिकवणारी बाई आहे, तिला नोंदणी म्हणजे काय ते माहीत नाही. रोज दवाखान्याबाहेर परगावच्या नातेवाइकांना गरम पाणी देणारा एक रिटायर कंडक्टर आहे. त्या कुठे लिहायच्या?"

साहेब म्हणाले, "तो रकाना नाही."

"तेच म्हणतोय," हेडसर म्हणाले आणि बसले.

बाहेर पडताना जाऊ जिन्यात थांबली होती. डोळे खाली. "वहिनी, मी तुम्हाला हे काम आणलं ते चुकलं का माझं?" म्हटलं, नाही. तिचा पदर खांद्यावरून घसरला होता, तो नीट केला. ती बघतच राहिली माझ्याकडे.

१६ मार्च, सोमवार

काम नाही. घरात. कपाट आवरायला घेतलं, तसंच ठेवलं.

२१ मार्च, शनिवार

वेल्डरचा फोन. कुणी बुडालेलं नव्हतं. नवा दोर आलाय, काठावर सराव आहे, बघायला या म्हणाला. नाही म्हटलं. बरं म्हणाला. आग्रह केला नाही.

ह्यांनी विचारलं, "कुणाचा?" सांगितलं.

"जाणार आहेस का तू कधी?"

"माहीत नाही."

"मी नाही येऊ शकणार," म्हणाले. "पण तू जाणार असशील तर बसस्टॉपपर्यंत येईन."

२९ मार्च, रविवार

सकाळी फोन आला. हे बसस्टॉपपर्यंत आले. काठावर एका बाईच्या मुलाचे कपडे आणि मोबाइल पडलेले. ती अनवाणी. मी तिच्या आणि पाण्याच्या मध्ये बसले. ती ओरडली, सरका. सरकले नाही. पथक खाली गेलं, वर आलं, खाली गेलं.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा मुलगा धरणाच्या भिंतीवरून चालत आला. ओल्या चड्डीत. पैज लावून पलीकडे पोहून गेला होता, परत पोहायची ताकद राहिली नाही, म्हणून लांबच्या रस्त्यानं पायी. त्याच्या आईला उठताच येईना. मी उठले आणि सगळ्यांसमोर त्याच्या कानाखाली वाजवली. मग त्याला धरलं ते सोडवेना. वेल्डर म्हणाला, ताई, सोडा, त्याच्या आईकडे द्या.

हात अजून झणझणतोय.